सहा पानांचा आवाज

त्या घरात वडिलांना दारजी म्हणत, आणि दारजींचा अंगठा हा थट्टेचा विषय होता. चाळीस वर्षं त्यांनी बाइंडिंगचं दुकान चालवलं. कचेऱ्यांच्या नोंदवह्या, वाचनालयातली खिळखिळी झालेली पुस्तकं, कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. कागदांचा गठ्ठा हातात घ्यायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि पानं किती ते सांगून मोकळे व्हायचे. एकदा एक प्राध्यापक आपला प्रबंध घेऊन आले. ह्यांनी अंगठा फिरवला आणि दोन पानं कमी आहेत म्हणाले. प्राध्यापक तापले. मी चार वेळा मोजलीत, तुम्ही काय मला शिकवता, वगैरे. मग तिथंच स्टुलावर बसून त्यांनी पाचव्यांदा मोजली, आणि निघाली की दोन कमी. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की दारजींनी अंगठा वर केला तरी नातवंडं पळून जायची.

त्यांची धाकटी मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे तिचं काम. अर्ध्या गावाच्या नाकावर तिच्या हातच्या काचा होत्या. पण दारजींच्या डोळ्यांमागचा पडदाच झिजत चालला होता, त्याला कुठल्याही नंबरची काच चालत नव्हती. नजरेच्या मधोमध एक करडा डाग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं धाकटी स्वतःशीच म्हणे.

ह्या माणसाच्या मनात आयुष्यभर एकच गोष्ट होती. गुरूंच्या बाणीचा, म्हणजे शिखांच्या त्या मोठ्या पोथीतल्या वचनांचा, पाठ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः करायचा. एकदम नव्हे, त्यांच्यात सवडीनं, रोज थोडा थोडा वाचत पुरा करायचा पाठ असतो, तसा. तीन वेळा त्यांनी सुरुवात केली होती. पहिल्यांदा दुकान नवं होतं म्हणून राहिला. दुसऱ्यांदा थोरल्याच्या लग्नाची धांदल होती. तिसऱ्यांदा बायको आजारी पडली, आणि ती गेल्यावर पोथी समोर घेतली की अक्षरं पुसट व्हायची. तेव्हा ते रडण्यामुळे होतं की डोळ्यांमुळे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुकान गिऱ्हाइकांसकट दुसऱ्याच्या हवाली करून ते घरी बसले आणि मग हृदयाची झडप कुरकुरायला लागली. जिना चढला की धाप. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तेव्हा दारजींनी धाकटीला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाले, की आता वाचायचं तू आणि ऐकायचं मी. थोरला लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. त्याला पोथीची गुरुमुखी लिपी रस्त्यावरच्या पाट्यांपुरती यायची. वहिनी शाळेत शिकवायची, तिला सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसे. धाकटीला मात्र लहानपणी दारजींनीच खळ लावायच्या टेबलाशी बसवून अक्षरन् अक्षर गिरवून घेतलं होतं. तेव्हा सुटका नव्हती.

तीन महिने हा क्रम चालला. सकाळी सहाला आंघोळ करून, डोक्यावरून ओढणी घेऊन ती वरच्या खोलीत जायची. तिथं चौरंगावर दोन भागांत बांधलेली पोथी असायची, रुमालात गुंडाळलेली. बांधणी अर्थातच दारजींची. ती वाचायची, ते डोळे मिटून भिंतीला टेकून ऐकायचे. तासाभरात सात पानं व्हायची. त्याहून जास्त बसलं की त्यांना दम लागे. सात पानं झाली की ती खाली पळायची, कारण आठची बस चुकली तर दुकानाचा मालक दिवसभर घड्याळाकडे बघून खोकायचा. पोथी गुंडाळून ठेवायचं काम दारजींचं. ते त्यांनी कुणाला करू दिलं नाही. डोळे गेले म्हणून हात गेले नाहीत, असं म्हणायचे.

सातशेपंधरा पानांपैकी शहाऐंशी राहिली आणि सोमवारी इस्पितळातून फोन आला. झडपेची तपासणी पुन्हा झाली होती, ठरल्याप्रमाणे आणखी तीन आठवडे थांबण्यात अर्थ नव्हता. पुढच्या बुधवारी ऑपरेशन, मंगळवारी दुपारी दाखल व्हायचं. म्हणजे वाचायला सकाळी उरल्या फक्त आठ.

दारजींचा चेहरा उतरला. ऑपरेशनची भीती नव्हती त्यांना. तसं ते म्हणाले तरी. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं आणि रक्तदाब चढला. एकटे असले की बोटांवर काहीतरी मोजत बसायचे. धाकटीनं सुचवलं, की उरलेली पानं मी दुपारी एकटीच वाचून टाकते. ते म्हणाले, मग तो तुझा पाठ झाला, माझा काय झाला. थोरल्यानं सुचवलं, की बरे होऊन आल्यावर वाचू. त्यावर ते पोथीच्या रुमालाची गाठ चाचपत राहिले. त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला आणि थोरला उगाच गाडीला पाणी मारायला बाहेर गेला.

गुरुवारी रक्तदाब तपासायला नेलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे बघून मान हलवली. धाकटीला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की हा आकडा खाली आला नाही तर बुधवारी टेबलावर घेता येणार नाही, आणि झडप काही आपल्यासाठी थांबणार नाही. कसली काळजी करताहेत ते बघा आणि ती मिटवा.

परत येताना रिक्षात दारजी म्हणाले, "पोरी, चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून माणसाचा जन्म मिळतो म्हणतात. एवढा मोठा मिळाला, आणि माझ्याकडून एक पाठ पुरा झाला नाही."

तिनं त्यांचा हात धरला. आणि धरल्या धरल्या तिनं मनात जो हिशेब केला तो कुठल्याही भाविक मुलीनं करू नये असा होता. आता उरलेली पासष्ट पानं, पाच सकाळी. रोज सात वाचायची आणि सहा उलटायची.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं चार पानं वाचली आणि पाचव्याला हात घातला तेव्हा तिच्या बोटांना घाम आला होता. सहा पानं तिनं चिमटीत धरली, हलकेच उलटली आणि पुढं वाचायला लागली. आवाज जरा कापला, तिनं खोकून तो सावरला. दारजी भिंतीला टेकून तसेच बसले होते, डोळे मिटून. सात पुरी झाल्यावर ती म्हणाली, आज बरीच झाली, मी भरभर वाचलं. ते नुसते हं म्हणाले. ती खाली पळाली आणि दिवसभर काचा घासताना तिला वाटत राहिलं, की आपण देवाच्या घरात खिसा कापलाय.

आता लोक म्हणतील, सहा पानांचं ते काय. पण दारजींच्या धर्मात त्या पोथीला नुसतं पुस्तक समजत नाहीत, गुरू समजतात. गुरू बोलत असताना सहा वाक्यं गाळून सातवं सांगणारा निरोप्या कसा, तशी ती झाली होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी शनिवारी तिनं पुन्हा तेच केलं. रविवारीही तेच करायचं म्हणून ठरवून बसली, तोच इस्पितळाचा निरोप आला, की दाखल करणं दोन दिवसांनी पुढं गेलंय, खाट रिकामी नाही. हातात दोन सकाळी जास्तीच्या आल्या. धाकटीला क्षणभर वाटलं, थांबावं इथंच. पण दोन दिवसांनी चौदाच पानं वाढली असती, आणि आत्तापर्यंत गाळलेल्यांचं काय? शिवाय शनिवारी संध्याकाळीच रक्तदाब उतरला होता. वहिनीनं घरच्या यंत्रावर दोनदा घेऊन बघितला. दारजी पोटभर जेवले होते. हे बघितल्यावर मागं फिरायचं बळ तिच्यात राहिलं नाही. पाचही दिवस तिनं तेच केलं, पाठ मंगळवारी सकाळी संपवला, आणि गुरुवारी दाखल व्हायच्या आधी त्यांना एक दिवस निवांत मिळाला.

शेवटची तीन पानं सगळ्यांसमोर वाचली. गुरुद्वारातले भाईजी आले होते. ते दारजींचे जुने मित्र, थट्टेखोर गृहस्थ. पाठ झाल्यावर सगळे हात जोडून उभे राहिले आणि भाईजींनी अरदास केली. अरदास म्हणजे उभं राहून करायची प्रार्थना. त्यात शेवटी नेहमीचं मागणं असतं, की वाचताना एखादं अक्षर कमीजास्त झालं असेल, भूलचूक झाली असेल, तर माफ कर. भाईजींनी ते म्हटलं आणि धाकटीनं चोरून दारजींकडे बघितलं. दारजी मिटल्या डोळ्यांनी हसत होते. बिचाऱ्यांना काही माहीत नाही आणि किती समाधानानं हसताहेत, असं तिला वाटलं.

थोरल्यानं प्रसाद वाटला आणि विचारलं, की रविवारी गुरुद्वारात सांगायचं ना, दारजींचा पाठ पुरा झाला म्हणून? ही दारजींचीच जुनी हौस. पण ते म्हणाले, राहू दे, मी आल्यावर बघू. भाईजींनी पाठ थोपटून अभिनंदन केलं, तर म्हणाले, "ऐकला बुवा." पुरा झाला असं काही म्हणाले नाहीत. धाकटीनं हे ऐकलं, पण तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

शुक्रवारी त्यांना आत नेलं. पाच तास लागतील म्हणाले होते. बाहेर लोखंडी बाकावर वहिनी पोरांच्या वह्या तपासत बसली; तिची लाल शाई एकाच ओळीवर फिरत होती. थोरला गाडी चालू ठेवून उतरलेल्या माणसासारखा दारापाशी घुटमळत होता. धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली.

आत ते गेले तर? हा एकच प्रश्न तिला कुरतडत होता. ते गेले तर आपला जन्म सार्थकी लागला असं समजून जातील आणि ते खोटं असेल. तीस पानांचं भगदाड घेऊन जातील, आणि ते पाडलं आपण. आईचं आजारपण, दुकान, पोरांची लग्नं, एवढ्यांनी मिळून जे केलं नाही ते आपण पाच सकाळींत केलं. आणि कबुली कुणाजवळ द्यायची मग? तिनं मनातल्या मनात विनवलं, की एकदा त्यांना बाहेर आण, मी सगळं सांगेन, ते पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल. नाम घे म्हणून दारजी तिला लहानपणापासून सांगत आले होते. खरोखरीचं नाम तिनं त्या बाकावर पहिल्यांदा घेतलं असेल.

सव्वापाच तासांनी डॉक्टर आले. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाले, झडप छान बसलीय, म्हातारा काटक आहे. थोरला ढसाढसा रडला. वहिनीच्या हातातल्या वह्या घसरून सगळ्या फरशीवर पसरल्या. धाकटी त्या गोळा करत राहिली, एकेक करून, आणि तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. निदान अर्धा. उरलेला अर्धा घरी जाऊन उतरवायचा होता.

दारजी नवव्या दिवशी घरी आले. छातीवर टाके, त्यामुळे खोकला किंवा हसू आलं की उशी कवटाळायची, असं नर्सनं शिकवलं होतं. त्यांची खाट वरच्याच खोलीत घातली. तिसऱ्या सकाळी धाकटी आंघोळ करून, डोकं झाकून वर गेली आणि पोथीपाशी न बसता खाटेपाशी जमिनीवर बसली.

"दारजी, मला काहीतरी सांगायचंय. मी पाठ पुरा वाचला नाही. रोज सहा पानं गाळली. पाच दिवस. तुमचा रक्तदाब उतरावा म्हणून केलं, पण केलं."

दारजींनी चौरंगाकडे हात केला. मग म्हणाले, "पोथी सोड बघू. दुसरा भाग."

तिनं हात धुतले, रुमाल सोडला. पोथी उघडली तर शेवटच्या पानांत कागदाच्या पट्ट्या दिसल्या. बाइंडर पुस्तकात खुणेला घालतात तशा, बोटभर रुंदीच्या, पातळ, कातरीनं सरळ कापलेल्या. तिनं पहिली उघडली. शुक्रवारी ज्या पानावरून तिनं उडी मारली होती, नेमकं तेच पान. दुसरी शनिवारची. तिसरी, चौथी, पाचवी. एकही पट्टी एका पानानंसुद्धा चुकली नव्हती.

"एक पान उलटलं की आवाज येतो तो वेगळा, आणि सहा एकदम उलटली की वेगळा," दारजी म्हणाले. "चाळीस वर्षं मी काय ऐकलं दुसरं? चार साधी गेली, मग एक जाड गेलं. तू खाली गेलीस की पोथी गुंडाळताना चार मोजून पट्टी घालायचो. किती गाळलीत ते अंगठ्यानं सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी राग आला होता. म्हटलं हाक मारून वर बोलवावं आणि चांगली फैलावर घ्यावी." ते जरा थांबले. नव्या झडपेला सवय व्हायची होती, सलग फार बोलता येत नसे. "मग पट्टी घालताना मनात आलं, की एवढा राग कशाचा आला? गुरूचे बोल कानांवर पडले नाहीत ह्याचा, की आपला पाठ मोडला ह्याचा? खरं सांगू? आपला मोडला ह्याचाच. रविवारी गुरुद्वारात सांगणार होते ना, ते मोडलं. सबंध जन्म मी त्या 'माझा पाठ'च्या मागे लागलो होतो. पोरी, हा जन्म मिळतो तो त्या परमेश्वराला भेटायला. मेहनतीचं खायचं, वाटून खायचं, त्याचं नाव घ्यायचं आणि मधला हा 'मी' जरा बाजूला सारायचा, एवढंच तर सांगितलंय आपल्याला. आणि मी काय केलं, तर भेटायला म्हणून गेलो आणि दारातल्या पायऱ्या मोजत बसलो."

धाकटी रडत होती. ते बघून त्यांनी उशी जवळ ओढली, कारण त्यांना हसू येत होतं.

"पाठ संपला नाही, संपणार नाही, हे त्या सकाळी एकदा कळलं ना, आणि जी झोप लागली मला. रक्तदाब तुझ्या पानं गाळण्यानं उतरला, पण तुला वाटलं तसा नाही. आणि दुसरं, तू एवढी भित्री, तुला साधी बसमध्ये बिनतिकीट बसायची हिंमत नाही. बापासाठी गुरूपुढं खोटं बोलायला बसलीस, पाच दिवस. आवाज कापायचा तुझा. मी तो आवाज ऐकायचो आणि हात जोडायचो. तेव्हा तो परमेश्वर इतका जवळ होता, की ऑपरेशनची भीती कुठल्या कुठं पळाली."

मग दारजींचा सूर बदलला. "पण चूक ती चूकच. पुन्हा केलंस तर पोथीला हात लावू देणार नाही."

तिनं मान डोलवली. मग तिच्या मनात जे इतके दिवस कुठंतरी अडून होतं तेही बाहेर पडलं. ती म्हणाली, की ही तीस पानं सोडा, पण बाकीची जवळजवळ सातशे मी तोंडानं वाचली आणि त्यातलं मला काय आठवतं विचाराल, तर घड्याळ. रोज आठची बस. तुमच्यासाठी वाचलं, ऐकलं मी काहीच नाही.

"मग तूही पायऱ्याच मोजल्यास," दारजी म्हणाले. "बापाची लेक. चल, आता आपल्या दोघांची मिळून तीस पानं शिल्लक आहेत. रोज एक वाच. जे कळेल तिथं थांब, नाही कळलं तर विचार. मला आता घाई नाही, डॉक्टर म्हणाले झडप पंधरा वर्षं टिकते."

तिनं नाक पुसलं, ओढणी सारखी केली आणि पहिली पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिनं वाचायला सुरुवात केली, सावकाश, प्रत्येक शब्द ओठांवर आला की तो काय म्हणतो ते बघत. खाली वहिनीनं हाक मारून बस चुकेल म्हणून सांगितलं. पानाच्या मध्यावर एका ओळीशी धाकटी थांबली, पुन्हा मागं गेली आणि तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली. आठची बस कोपऱ्यावरून हॉर्न देत निघून गेली. मालक आज खोकून खोकून हैराण होणार होता. पण तिला आतून इतकं हलकं वाटत होतं, की तिनं वर मान करून खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

पान संपलं. तिनं ते उलटलं.

दारजींचे डोळे मिटलेले होते. त्यांनी उशी छातीशी धरली आणि अंगठा वर केला.

"एकच," ते म्हणाले.